वरणात मीठ पडलं का

कांताबाई लग्न होऊन रायपुरात आल्या तेव्हा राजधानी म्हणजे भोपाळ, आणि भोपाळला त्यांच्या ओळखीतलं कोणी कधी गेलेलं नव्हतं. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडे, पवनीजवळ. नवरा देवीदास रेल्वेत केबिनमन, म्हणजे गाड्यांचे सिग्नल आणि सांधे सांभाळणारा. स्टेशनापलीकडच्या क्वार्टरात दोन लहान खोल्या, आणि तेवढ्यात सासू भीमाबाई, दीर, नणंदा, येणारे-जाणारे असा सगळा गोतावळा.

त्या घरात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कांताबाईंना विचित्र वाटली. सकाळी तिथे कोणी बोलत नसे. देवीदासची रात्रपाळी असली की तो उजाडता येऊन झोपायचा, आणि भीमाबाईंचा नियम होता की त्याची झोप मोडेल असा आवाज घरात होता कामा नये. केबिनमध्ये डुलकी लागली तर काय होतं, हे रेल्वेवाल्यांच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलं अंगणात पिटाळली जायची, भांडी मांडीवर फडकं घेऊन त्यावर ठेवली जायची आणि सासू-सुना मुक्यानं स्वयंपाक करायच्या.

त्यातही एक जण चुलीपाशी आणि दुसरी नळाच्या रांगेत. रांगेतली परत आली की चुलीपाशी असलेली धुणं घेऊन बाहेर. काम अर्ध्यावर एकीच्या हातून दुसरीच्या हातात जायचं, तेही न बोलता. मग दुसरीला कळावं कसं, काय झालं आणि काय राहिलं? त्याची खूण असायची. वरणाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण उलटं ठेवलेलं असलं म्हणजे मीठ पडलं. पाण्याच्या पिंपावर मग्गा पालथा असला म्हणजे पाणी भरून झालं. हे कोणी ठरवून केलं नव्हतं. भीमाबाईंनी पहिल्या आठवड्यात एकदा झाकणाकडे बोट दाखवलं होतं, तेवढंच शिक्षण. पळीतून चाखून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. चाखलेलं ते उष्टं, आणि उष्टं भीमाबाईंच्या घरात चालत नसे.

वर्षं गेली. नणंदा सासरी गेल्या, दीर बदली होऊन बिलासपूरकडे गेले, देवीदासची रात्रपाळी संपली. भीमाबाईही गेल्या. पण कांताबाईंचा हात मीठ टाकून झालं की झाकण उलटंच ठेवायचा. त्या हाताला कोणी विचारलं असतं, बाबा, असं का करतोस, तर त्याला सांगता आलं नसतं. कांताबाईंनाही सांगता आलं नसतं. त्यांच्या लेखी ती खूण नव्हतीच, झाकण ठेवायची पद्धत होती.

भीमाबाईंची शेवटची वर्षं मात्र कांताबाईंच्या मनातून कधी गेली नाहीत. जेवून हात धुतला की म्हातारी म्हणायची, ‘‘मले आज कोणी जेवायलेच नाही देलं.’’ आंघोळ करून आली की पुन्हा आंघोळीला निघायची. एकदा दूध चुलीवर ठेवून शेजारी जाऊन बसली आणि घरभर धूर झाला. आणि या सगळ्याची सुरुवात कशानं झाली होती, ते कांताबाईंना पक्कं आठवत होतं. वरणात दोनदा मीठ पडलं होतं.

मग छत्तीसगड झालं. रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले, चौकाचौकात बोर्ड लागले. देवीदास निवृत्त झाले आणि गुढियारीत त्यांनी घर बांधलं. राजधानी झाल्याचा कांताबाईंना कळलेला अर्थ एवढाच की आता गोंदिया-भंडाऱ्याकडच्या कोणाचंही दवाखान्याचं, नोकरीचं काहीही काम निघालं की तो पिशवी घेऊन त्यांच्याकडे मुक्कामाला यायचा. ‘‘वहिनी, आजच्या दिवस,’’ म्हणून आलेला माणूस चार दिवस राहायचा. शिवाय घरचे होतेच. मुलगा प्रफुल्ल सिलतऱ्याच्या कारखान्यात पाळीनं जायचा. मुलगी सोनिया कॉलेजात. सून पिंकी मूळची अभनपुरची, सरकारी ऑफिसात नोकरीला. ऑफिस नव्या रायपुरात हलल्यापासून तिची बस घडी चौकातून भल्या सकाळी सुटायची. पिंकीचे आजोबा नागपूरकडचे होते, पण तिच्या तोंडात हिंदीच यायची. मराठी ती समजून घेई आणि कधी कधी, सासूला बरं वाटावं म्हणून, बोलून पाही.

पिंकी डबा घेऊन सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. स्वयंपाकघर दिवसभर कांताबाईंचं. त्यामुळे काही बिघडलं नाही. बिघडलं ते अभिनव झाल्यावर. बाळंतपण अभनपुरला झालं, आणि सुट्टीचे उरलेले महिने पिंकी बाळ घेऊन गुढियारीत, दिवसभर घरात राहायला लागली.

एके दिवशी प्रफुल्लनं पहिला घास घेतला आणि तो थांबला.

‘‘आई, वरणात काय समुद्र ओतला का?’’

‘‘काहून? काय झालं?’’

‘‘तू खाऊन तर पाय.’’

कांताबाईंनी खाल्लं. खरंच तोंडात धरवेना. त्यांना मीठ टाकल्याचं आठवत होतं, एकदा. ते आज टाकलेलं की काल टाकलेलं, हे मात्र सांगता येईना. मीठ रोजच टाकतो माणूस. दर दिवसाचं मीठ वेगळं कसं लक्षात राहणार?

सोनिया म्हणाली, ‘‘मम्मी, आज तो गुस्से में डाला होगा.’’ सगळे हसले. कांताबाईही हसल्या.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळी त्यांना वाटलं, नको, आपण टाकलेलं असेल. म्हणून टाकलं नाही. त्या दिवशी वरण अळणी. देवीदास मिठाची बरणी शोधायला उठले आणि त्यांना ती सापडली नाही, कारण आपल्याच घरात बरणी कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग पाण्याचं झालं. कांताबाई परसात कपडे वाळत घालून आल्या, पिंपाकडे पाहिलं, मोटर लावली आणि शेंगा निवडायला बसल्या. थोड्या वेळानं गल्लीतून शेजारच्या शेवंताचा आवाज आला. ‘‘ओ कांता! तुह्या घरून नदी येऊन राहिली ना! माया दारात आता नाव बांधू का काय?’’

वरची टाकी भरून वाहत होती. ती सकाळीच भरली होती. कोणी भरली? कांताबाईंनीच. सोनियानं पाहिलं होतं.

शेवंता दारात उभी राहून हसत होती. कांताबाईंनी तिच्याकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला, पण ओठ नीट उघडले नाहीत. आपण सकाळी मोटर लावली, बंद केली, हे त्यांना आठवत होतं की सोनियानं सांगितल्यामुळे आठवल्यासारखं वाटत होतं? दोन्हींत फरक काय असतो? त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांना वाटलं, आपण स्वयंपाकघरात कशासाठी निघालो होतो?

रात्री त्यांनी देवीदासना विचारलं, ‘‘अहो, तुमच्या आईचं कसं सुरू झालं होतं?’’

‘‘काय?’’

‘‘विसरणं.’’

‘‘ती कुठं विसरत होती? मायं नाव तं शेवटपर्यंत तिच्या ध्यानात होतं,’’ देवीदास म्हणाले आणि कूस बदलून झोपले. आयुष्यभर सगळ्या घरानं त्यांची झोप सांभाळली होती, त्यामुळे ती त्यांना चांगली लागत असे.

कांताबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक आपल्याकडे कसे पाहतील, हे त्यांना माहीत होतं. त्या स्वतः भीमाबाईंकडे तसंच पाहायच्या. मायेनं, पण हातातली कढई काढून घेत.

पिंकीची सुट्टी संपत आली होती. ऑफिसला जायला लागली की अभिनवला कांताबाईंनी सांभाळायचं, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. कांताबाईंनीही. बाळ त्यांच्या अंगावर इतकं रुळलं होतं की पिंकीकडे रडायचं आणि आजीच्या खांद्यावर गप्प व्हायचं. ‘‘ये पोट्टं तर आपकाच है, मम्मी,’’ पिंकी म्हणायची. ‘‘मैं तो सिर्फ किराए पे लायी हूँ.’’

आणि मग ती तापाची गोष्ट झाली. लस टोचून आणल्यावर बाळाचं अंग गरम झालं. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं, झाकणाएवढ्या मापातून पाजायचं. कांताबाईंनी सकाळी पाजलं, बाळाला थोपटून निजवलं, न्हाणीघरात जाऊन आल्या. ताटलीत औषधाचं माप दिसलं. त्यांनी बाटली उघडली, माप भरलं आणि बाळाला मांडीवर घेतलं.

‘‘मम्मी! मम्मी, रुको! अभी तो दिया ना आपने!’’

पिंकी दारातून धावत आली होती. कांताबाईंच्या हातातलं माप हिंदकळलं आणि गुलाबी औषध बाळाच्या झबल्यावर सांडलं. पिंकी रागावली नाही. झबलं बदलताना ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘हो जाता है, मम्मी.’’

कांताबाईंना रागावलेलं चाललं असतं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. भीमाबाईंशी त्या स्वतः याच आवाजात बोलायच्या.

त्या दिवसापासून त्या बाळापासून जरा दूर राहायला लागल्या. बाळ रडलं की म्हणायच्या, ‘‘तूच घे, तुलेच मागते तो.’’ औषधाची वेळ झाली की भाजी आणायला निघून जायच्या. पिंकीला कळेना, आपल्या हातून काय चुकलं. तिनं प्रफुल्लला सांगितलं. प्रफुल्लनं जेवताना सरळ विचारलं.

‘‘आई, सोमवारपासून पिंकी जाते. बाबूले तू पाहशील ना?’’

‘‘पाहू,’’ कांताबाई म्हणाल्या.

‘‘पाहू म्हणजे काय? हो का नाही?’’

‘‘पाहू म्हटलं ना.’’

पिंकी ताटात बघत राहिली. ‘पाहू’चा अर्थ तिनं तिच्या परीनं लावला. सासूबाईंना आता या वयात पोर नको आहे आणि त्या भिडेपोटी नाही म्हणत नाहीत. तिनं अभनपुरला आईला फोन केला. ठरलं. रविवारी बाळाला अभनपुरला ठेवायचं, आणि दर रविवारी प्रफुल्ल-पिंकीनं भेटायला जायचं.

कांताबाईंनी हे ऐकलं आणि मान डोलावली. आत जाऊन त्यांनी बाळाचे लंगोट घडी केले, आणि घडी केलेले पुन्हा उलगडून पुन्हा घडी केले. बाळ तिथे सुखरूप राहील. पिंकीची आई धडधाकट आहे. पण तिकडे वाढणाऱ्या बाळाला आपली ओळख राहील का? आपल्याला त्याची राहील का? विचार एका जागी उभा राहत नव्हता.

शनिवारी सकाळी त्यांनी मनाशी ठरवलं की आज वरण उतरेपर्यंत स्वयंपाकघरातून हलायचंच नाही. उठलो नाही तर विसरणार कसे? मीठ टाकलं, झाकण ठेवलं, आणि दाराशेजारी पाट घेऊन त्या लाल भाजी निवडायला बसल्या. डोळे सारखे गंजाकडे. बाहेर सोनिया मोबाईलवर कोणाशी तरी भांडत होती. देवीदास चहा मागत होते. कांताबाई जागच्या हलल्या नाहीत.

पिंकी बाळाची बाटली धुवायला आली. बाटली धुतली, ओटा पुसला. पुसता पुसता तिनं गंजावरचं झाकण उचललं, सुलटं केलं आणि परत ठेवलं. पिंपावरचा मग्गा पालथा होता, तोही उचलून नीट ठेवला. फडकं पिळून वाळत टाकलं आणि ती निघाली.

कांताबाईंच्या हातात भाजीची काडी तशीच राहिली. झाकण सुलटं होतं. म्हणजे मीठ टाकायचं आहे. त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. मग मटकन बसल्या. मीठ तर आत्ताच टाकलं होतं.

‘‘पिंकी.’’

‘‘जी?’’

‘‘ते झाकण काहून सुलटं केलं तू?’’

पिंकी गोंधळली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. ‘‘कुछ नहीं मम्मी, ऐसेच.’’

‘‘ऐसेच नाही. सांग मले.’’

‘‘वो… उल्टा रहता है ना. रोज.’’ ती थांबली, आणि मग मराठीतून, शब्द शोधत म्हणाली, ‘‘मले वाटे तुमचं ध्यान राहत नाही आजकाल. झाकण उल्टा, मग्गा उल्टा, दवाईचा ढक्कन बी उल्टा. कोणी पाहीन तर हसीन तुमाले. इसलिए मैं चुपचाप सीधा कर देती हूँ. तुमाले सांगितलं तर तुमाले वाईट वाटलं असतं.’’

‘‘रोज करते?’’

‘‘हव. जेव्हापासून बाबू को लेके आयी हूँ तबसे.’’

कांताबाईंनी गंजावरच्या झाकणाकडे पाहिलं. मग त्यांनी जे केलं ते पिंकीच्या समजण्यापलीकडचं होतं. त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पिंकी घाबरून त्यांच्याजवळ खाली बसली.

‘‘अवो, ते उलटं म्हणजे मीठ पडलं!’’

‘‘क्या?’’

कांताबाई सांगायला लागल्या, पण त्यांनाही ते पहिल्यांदाच शब्दांत सांगायचं होतं, म्हणून ते सरळ निघेना. आधी केबिन, मग देवीदासची झोप, मग नळाची रांग, पुन्हा केबिन. ‘‘म्हातारीनं बोट दाखवलं होतं,’’ त्या म्हणाल्या. पिंकीला म्हातारी कोण ते कळेना. शेवटी कांताबाईंनी उठून झाकण उलटं केलं, मिठाची बरणी दाखवली, झाकण सुलटं केलं, बरणी लपवली. औषधाचं माप हातात घेऊन पालथं घातलं. पिंकीचे डोळे मोठे झाले.

‘‘हे भगवान. मतलब दवाई मेरे कारण…’’

‘‘तुह्या कारणानं नाही वो पोरी. मी कुठं सांगितलं होतं तुले? मले तरी कुठं माहीत होतं!’’

‘‘तो फिर आप बाबू को क्यों नहीं ले रहे थे?’’

हा प्रश्न आला आणि कांताबाईंचं हसू थांबलं. त्यांनी भाजीच्या काड्या गोळा केल्या, पुन्हा पसरल्या. मग भीमाबाईंचं सगळं सांगितलं. दुधाचं, धुराचं, जेवून उपाशी म्हणण्याचं. ‘‘मले वाटलं, मले बी तसंच होऊन राहिलं. उद्या बाबूले पाण्यापाशी बसवीन आन् विसरून जाईन.’’

‘‘और मुझे लगा, आपको वो भारी हो गया.’’

‘‘भारी?’’ कांताबाईंना राग आला. गेल्या कित्येक दिवसांतला तो पहिला सरळ, स्वच्छ राग होता. ‘‘माया नातू मले भारी?’’

पण त्यांचा गोंधळ एवढ्यानं संपला नाही. दुपारभर त्या एकाच गोष्टीवर अडून होत्या. मीठ टाकल्याचं त्यांना कधी आठवत होतं? आजवर कधीच नाही. आजवर त्या झाकण बघत आल्या होत्या. मग त्यांची आठवण गेली म्हणायची, की ती पहिल्यापासून नव्हतीच? आणि भीमाबाईंचं काय? त्यांच्या पहिल्या खारट वरणाच्या दिवशी झाकण कोणी सुलटं केलं होतं का? तेव्हा कोणी पाहिलं होतं?

देवीदासना त्यांनी सगळं सांगून हे विचारलं. देवीदास पेपर बाजूला ठेवून विचारात पडले. ‘‘म्हणजे तुम्ही मायासाठी घरात बोलतच नव्हत्या?’’ ते म्हणाले. ‘‘मले वाटे, तुमचं सासू-सुनेचं पटत नाही.’’

कांताबाईंनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी पिंकीनं अभनपुरला फोन केला. तिकडून आईची लांबलचक प्रश्नपत्रिका झाली. पिंकी सगळ्याला ‘‘हव माँ, हव,’’ म्हणत राहिली. प्रफुल्ल पाळीहून आला तेव्हा बाळाची भरलेली बॅग सोनिया रिकामी करत होती.

‘‘उद्या जायचं होतं ना?’’

‘‘नाही जायचं,’’ कांताबाई म्हणाल्या.

‘‘तूच तर नको म्हणत होतीस!’’

‘‘मी नको म्हटलंच नव्हतं.’’

‘‘हो बी म्हटलं नव्हतं.’’

‘‘आता म्हणून राहिली ना!’’

प्रफुल्लनं पिंकीकडे पाहिलं. पिंकी म्हणाली, ‘‘बाद में बताती हूँ. लंबी कहानी है, और उसमें आपके पापा सो रहे हैं.’’

कांताबाईंनी तेव्हाच अट घातली. घरात आता मुक्यानं काम करायचं नाही. जे केलं ते तोंडानं सांगायचं. आणि त्यांच्या हातून औषध पाजलं जाण्याआधी त्या पिंकीला फोन करणार, ती मीटिंगमध्ये असो की बसमध्ये. ‘‘मी विसरीन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण विचारीन. चालते का तुले?’’

‘‘दौड़ेगा, मम्मी.’’

सोमवारची सकाळ त्या घरात पूर्वी कधी झाली नसेल अशी झाली. ‘‘टाकी भरली!’’ सोनिया जिन्यावरून ओरडली. ‘‘दूध आणलं!’’ देवीदास ओरडले, आणि दूध कालचंच निघालं. ‘‘मीठ पडलं!’’ कांताबाईंनी सांगितलं. ‘‘कशात?’’ आतून प्रफुल्लनं विचारलं. भाजीत की वरणात, यावर तिघांची तीन मतं झाली. परवापासून मुक्कामाला असलेले गोंदियाचे नरहरीभाऊ पलंगावर उठून बसले आणि भांडण कशाचं आहे ते ऐकायला लागले. या आरडाओरड्यात कांताबाईंना पोळ्यांचा तवा ठेवायचं राहिलंच, आणि पिंकी भात घेऊन गेली.

दारात चपला घालताना पिंकीनं बाळाला त्यांच्याकडे दिलं. बाळानं आईची ओढणी धरली, मग सोडली आणि आजीच्या गळ्याशी डोकं टेकलं. पिंकी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा शेवंतानंच गल्लीतून आवाज दिला, ‘‘जा वो बाई, बस काय तुयासाठी थांबून राहीन?’’

घर एकदम रिकामं झालं. कांताबाईंनी बाळाला बाटलीनं दूध पाजलं, खांद्यावर घेऊन पाठ थोपटली. सांगायला समोर कोणी नव्हतं. त्यांनी बाळाला समोर धरलं.

‘‘दूध पाजलं,’’ त्या म्हणाल्या.

बाळ त्यांच्याकडे बघत राहिलं.

‘‘पाजलं बरं का. आत्ताच.’’

‘‘काय म्हटलं?’’ देवीदास ओसरीवरून ओरडले.

‘‘तुमाले नाही म्हटलं!’’ कांताबाईंनी तितक्याच मोठ्यानं सांगितलं, आणि बाळ दचकलं नाही.